डेटाबेस मॉनिटरिंग एजंट सारखा रीस्टार्ट होतोय? कारण असं शोधा

डेटाबेसचा वेग, कनेक्शन, लॉक, रेप्लिकेशनचा विलंब हे सगळं मोजून बाहेर देणारा एजंट म्हणजे शेवटी एक छोटी प्रोसेस. ती मेली तरी डेटाबेस चालू राहतो, ग्राहकाची तक्रार येत नाही, आणि सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा) तिला पुन्हा उठवून उभं करतं. त्यामुळे 'सर्व्हिस चालू आहे ना' एवढंच विचारणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. आलेखात मात्र फटी पडलेल्या असतात. त्याही बहुधा सर्व्हरवर ताण असतानाच्याच, म्हणजे आकडे सर्वांत जास्त हवे असतात तेव्हाच्या.

हा लेख एका नेमक्या मांडणीवर बेतलेला आहे: लिनक्सवर पोस्टग्रेसक्यूएल, त्यावर पोस्टग्रेस_एक्सपोर्टर हा एजंट, त्याला सांभाळणारं सिस्टमडी, आणि आकडे ओढून घेणारा प्रोमिथियस. मायएसक्यूएलचा एक्सपोर्टर किंवा जावावर चालणारा एखादा व्यावसायिक एजंट असला तरी तपासाची रीत तीच राहते. आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती मूळ रोमन लिपीतच टाइप करा.

सगळ्या तपासात एकच प्रश्न धरून चाला: प्रोसेस स्वतःहून मेली, की तिला कुणी मारलं? मारणारे चारच असू शकतात. कर्नल, सिस्टमडी, कंटेनर सांभाळणारी यंत्रणा, किंवा माणूस (आणि त्याची स्क्रिप्ट). हे कळल्याशिवाय मेमरी वाढवणं, आवृत्ती बदलणं, पुन्हा इन्स्टॉल करणं हे सगळं अंदाजपंचे.

आधी हात लावू नका

नवीन माणूस सर्वांत आधी सर्व्हिस रीस्टार्ट करतो. त्याने पुरावा जातो. सिस्टमडी 'एनरीस्टार्ट्स' नावाचा आकडा ठेवतं, आपोआप किती वेळा उठवावं लागलं याचा. हाताने रीस्टार्ट केलं की तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो. म्हणून आधी हे चालवा आणि आलेलं उत्तर फाईलमध्ये ठेवा:

सिस्टमसीटीएल शो पोस्टग्रेस_एक्सपोर्टर -पी एनरीस्टार्ट्स,रिझल्ट,ॲक्टिव्हएंटरटाइमस्टॅम्प

जर्नलसीटीएल -यू पोस्टग्रेस_एक्सपोर्टर --सिन्स यस्टरडे, म्हणजे कालपासूनच्या नोंदी

जर्नलसीटीएल -के, म्हणजे फक्त कर्नलचे संदेश, त्याच काळातले

एजंट या क्षणी उठून चालू असेल तर 'रिझल्ट'मध्ये 'सक्सेस' दिसेल, त्याला भुलू नका. तो चालू असलेल्या फेरीचा निकाल आहे, मागच्या मृत्यूचं कारण जर्नलमध्येच (सिस्टमडीच्या नोंदवहीत) सापडतं. आणि सर्व्हर रीबूट झाल्यावर जर्नल गायब होत असेल तर /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी आहे का ते बघा. जर्नलचं 'स्टोरेज' हे सेटिंग मूळ 'ऑटो'वर असेल तर ही डिरेक्टरी नसताना नोंदी फक्त मेमरीत राहतात.

निकालाची ओळ वाचायला शिका

जर्नलमध्ये 'मेन प्रोसेस एक्झिटेड' ही ओळ शोधा. तिच्यात दोन गोष्टी असतात, कोड आणि स्टेटस. बहुतेक प्रकरणं या एका ओळीवर अर्धी सुटतात.

कोड 'एक्झिटेड' असेल तर प्रोसेस स्वतःहून बाहेर पडली. स्टेटस १ म्हणजे बहुधा कॉन्फिगरेशन, पोर्ट किंवा परवानगी. त्याच्या आधीच्या दोन-तीन ओळींत एजंटने स्वतःच कारण लिहिलेलं असतं. स्टेटस २ असेल तर सावध व्हा. हा एजंट गो भाषेतला आहे आणि गो प्रोग्रॅम पॅनिक झाला की २ घेऊन मरतो. अशा वेळी लॉगमध्ये 'गोरुटीन' शब्दाने सुरू होणारी लांबलचक जंत्री दिसते. तिचा सगळ्यात वरचा भाग जपून ठेवा, बग नोंदवायचा तर तोच लागतो.

२०३ म्हणजे सिस्टमडीला फाईल चालवताच आली नाही: मार्ग चुकीचा, चालवण्याची परवानगी नाही, डिस्क 'नोएक्झेक'ने जोडलेली, किंवा एसईलिनक्सने (लिनक्सची सुरक्षा यंत्रणा) अडवलं. २१७ म्हणजे युनिट फाईलमध्ये (सर्व्हिसची सिस्टमडीसाठीची सेटिंग फाईल) लिहिलेला युजरच सर्व्हरवर नाही. दोन्हींत एजंटचा काही दोष नाही. तो सुरूच झालेला नाही.

कोड 'किल्ड' असेल तर बाहेरून सिग्नल आला. ९ म्हणजे जबरदस्तीने मारलं, १५ म्हणजे रीतसर थांबायला सांगितलं. 'डम्प्ड' आणि ११ किंवा ६ दिसलं तर प्रोसेस कोसळली आहे, 'कोअरडम्पसीटीएल लिस्ट' बघा. मात्र ६ बाबत एक मेख आहे: युनिटमध्ये 'वॉचडॉगसेक' लावलेलं असेल आणि एजंटने ठरल्या वेळेत हजेरी दिली नाही, तर सिस्टमडी स्वतःच हा सिग्नल पाठवतं.

शेलमध्ये किंवा कंटेनरमध्ये हेच आकडे १२८ मिळवून दिसतात: १३७ म्हणजे ९, १३९ म्हणजे ११, १४३ म्हणजे १५. जावाचे एजंट १५ सिग्नल मिळाल्यावर नीट आवरतात आणि १४३ परत देतात. सिस्टमडी त्याला अपयश समजतं आणि यादीत लाल रंग दिसतो. युनिटमध्ये 'सक्सेसएक्झिटस्टेटस=१४३' लिहिलं की ही खोटी ओरड थांबते.

'मेन प्रोसेस एक्झिटेड'च्या आधी 'स्टॉपिंग' अशी ओळ असेल तर तो क्रॅश नव्हेच. कुणीतरी सर्व्हिस थांबवली आहे. रात्रीचं पॅकेज अपडेट, कॉन्फिगरेशन ढकलणारं टूल, लॉग फिरवल्यानंतर रीस्टार्ट करणारी स्क्रिप्ट, किंवा सहकारी. क्रॅश म्हणून आलेल्या तक्रारींत अशा बऱ्याच निघतात, त्यामुळे ही ओळ पहिल्या पाच मिनिटांतच तपासून घ्यावी.

दोन रीस्टार्टमधलं अंतर मोजा

निकालाची ओळ 'कोणी' ते सांगते, अंतर 'का' ते सांगतं. जर्नलमधल्या सुरू होण्याच्या वेळा एकाखाली एक लिहून काढा.

सुरू झाल्यावर एक-दोन सेकंदांत मरत असेल तर कॉन्फिगरेशन. दुसरीकडे बघूच नका.

बरोबर ९० सेकंदांनी मरत असेल तर युनिट फाईलमधला 'टाइप' चुकला आहे. 'टाइप=नोटिफाय' लिहिलं की सिस्टमडी 'मी तयार आहे' या निरोपाची वाट बघतं. 'टाइप=फोर्किंग' लिहिलं की मूळ प्रोसेस मागे सरून बाहेर पडण्याची वाट बघतं. एजंट यातलं काहीच करत नसेल तर सुरू होण्याची मूळ मुदत, ९० सेकंद, संपते आणि सिस्टमडी त्याला मारतं. या दीड मिनिटात एजंट आकडे व्यवस्थित देत असतो, म्हणून हे प्रकरण फार फसवं. उपाय: 'टाइप=सिंपल'.

रोज ठरावीक वेळी मरत असेल तर क्रॉन आणि सिस्टमडीचे टायमर बघा ('सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स'). काही तासांनी, दर वेळी थोडं मागेपुढे होऊन मरत असेल तर मेमरी. आणि डेटाबेस रीस्टार्ट झाला की एजंटही जात असेल तर युनिटमध्ये 'रिक्वायर्स', 'बाइंड्सटू' किंवा 'पार्टऑफ' शोधा. पोस्टग्रेस_एक्सपोर्टरला डेटाबेस सापडला नाही तर तो मरत नाही. 'पीजी_अप' हे मेट्रिक ० करतो आणि वाट बघतो. तेच त्याचं काम आहे, डेटाबेस पडल्याचं त्यानेच तर सांगायचं. त्याला डेटाबेसच्या दावणीला बांधलं तर नेमक्या त्या वेळी तो गप्प होतो. 'वॉन्ट्स' आणि 'आफ्टर' एवढंच पुरे.

सुरूच होत नसेल तर

पोर्टपासून सुरुवात करा. हा एजंट ९१८७ वर बसतो. 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' दिसलं तर 'एसएस -एलटीएनपी' चालवून तिथे आधीच कोण बसलंय ते बघा. बहुतेकदा हाताने चाचणीसाठी चालवून तसाच सोडलेला जुना एजंट निघतो.

मग जोडणीची माहिती. ती 'डेटा_सोर्स_नेम' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून जाते आणि घोळ पासवर्डमधल्या चिन्हांवर होतो. यूआरएलच्या रूपात लिहिताना @, / किंवा # यांसारखी चिन्हं टक्क्याच्या सांकेतिक रूपात द्यावी लागतात, उदाहरणार्थ @ साठी %४०. पण हीच ओळ युनिट फाईलच्या 'एन्व्हायर्नमेंट='मध्ये घातली तर सिस्टमडी % ला स्वतःचं चिन्ह समजतं; तिथे %% लिहावं लागतं. 'एन्व्हायर्नमेंटफाइल='ने दिलेल्या वेगळ्या फाईलमध्ये हा त्रास नाही. पासवर्ड वेगळ्या फाईलमध्येच ठेवा, मालक रूट, परवानगी ६००. सिस्टमडी ती रूट म्हणून वाचतं, त्यामुळे एजंटच्या युजरला ती उघडता आली नाही तरी चालतं. फाईलच्या मार्गाआधी उणे चिन्ह मात्र घालू नका. त्याचा अर्थ 'फाईल नसली तरी चालेल' असा होतो, आणि मग फाईल हरवली तरी सिस्टमडी कुरकुर न करता एजंट पासवर्डविना सुरू करतं.

रूट म्हणून हाताने चालवलं की चालतं, सर्व्हिस म्हणून मरतं? मग फरक युजरचा किंवा एसईलिनक्सचा. 'सुडो -यू' लावून त्याच युजरने चालवून बघा. तरीही चालत असेल तर 'ऑसर्च -एम एव्हीसी'.

मेमरी: कर्नलने मारलं असेल तर

कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' किंवा 'मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी' शोधा. या दोन ओळींत मोठा फरक आहे. दुसरीचा अर्थ एजंटला घालून दिलेली मर्यादा (सिस्टमडीचं 'मेमरीमॅक्स' किंवा कंटेनरची लिमिट) त्याने ओलांडली. पहिलीचा अर्थ अख्ख्या सर्व्हरची मेमरी संपली आणि कर्नलने बळी निवडला. जवळच्या ओळीत 'कन्स्ट्रेंट_मेमसीजी' की 'कन्स्ट्रेंट_नन' तेही लिहिलेलं असतं.

अख्खा सर्व्हर संपला असेल तर एजंट दुरुस्त करण्यात अर्थ नाही. आज एजंट मेला, उद्या पोस्टग्रेसची एखादी बॅकएंड प्रोसेस (प्रत्येक कनेक्शनमागे एक चालते ती) जाईल. आणि ती ९ सिग्नलने गेली की मुख्य पोस्टमास्टर बाकीच्या सगळ्या बॅकएंडना थांबवून क्रॅश रिकव्हरी करतो. एजंटचं मरण ही तिथे आगाऊ सूचना समजा.

मर्यादा ओलांडली असेल तर आधी प्रोमिथियसमध्ये 'प्रोसेस_रेसिडेंट_मेमरी_बाइट्स' बघा. आलेख करवतीसारखा, हळूहळू चढून एकदम खाली येत असेल तर मेमरीची गळती किंवा वाढत जाणाऱ्या मालिका (मेट्रिकच्या प्रत्येक वेगळ्या लेबलमागे एक मालिका). सुरू होताच उंच जाऊन मरत असेल तर एकाच फेरीत खूप डेटा येतोय.

वाढत्या मालिकांचं नेहमीचं मूळ म्हणजे 'पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स'. हे एक्स्टेंशन मूळ सेटिंगनुसार ५,००० पर्यंत क्वेरी लक्षात ठेवतं. स्वतः लिहिलेल्या क्वेरी फाईलमध्ये 'लिमिट' घालायची राहिली आणि प्रत्येक क्वेरीची ५ मेट्रिक बाहेर दिली, तर एकाच सर्व्हरमागे २५,००० मालिका झाल्या. लेबलमध्ये क्वेरीचा पूर्ण मजकूर घातला असेल तर मग विचारायलाच नको. एकूण वेळेनुसार वरच्या ५० ते १०० क्वेरी पुरतात, मजकुराऐवजी फक्त क्वेरीआयडी द्या. तसंच एका सर्व्हरवर शेकडो डेटाबेस, प्रत्येकात हजारो टेबलं आणि एजंटला 'सगळे डेटाबेस आपोआप शोध' असं सांगितलेलं, अशी मांडणी असेल तर टेबलवार आकडे खरंच हवेत का ते ठरवा.

गो १.१९ पासून 'गोमेमलिमिट' हे व्हेरिएबल आहे. मर्यादा २०० एमबी असेल तर हे १८० एमआयबीच्या आसपास ठेवा, म्हणजे मर्यादेजवळ गेल्यावर न लागणारी मेमरी मोकळी करण्याचं काम जोरात चालतं. पण ही मऊ मर्यादा आहे. खरोखर लागणारा डेटाच जास्त असेल तर ती वाचवणार नाही, उलट सीपीयू खाईल.

डेटाबेसच्या बाजूने काय घडतं

हा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि इथेच एजंटचा किरकोळ आजार डेटाबेसला लागतो.

एजंट ९ सिग्नलने मेला की त्याचं नेटवर्क कनेक्शन बंद होतं, पण डेटाबेसमध्ये चालू असलेली त्याची क्वेरी लगेच थांबत नाही. पोस्टग्रेसची बॅकएंड प्रोसेस निकाल पाठवायला गेल्यावरच पलीकडे कुणी नाही हे तिला कळतं. तोवर नवा एजंट उठून तीच जड क्वेरी पुन्हा सोडतो. मग तिसरा. मोठ्या सर्व्हरवर डेटाबेसचा आकार मोजणारं 'पीजी_डेटाबेस_साइझ' हे फंक्शन प्रत्येक फाईलची चौकशी करत फिरतं. फाईली लाखांत असतील तर त्याला वेळ लागतो आणि अशा अनाथ क्वेरी साचत जातात. 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी'मध्ये मॉनिटरिंगच्या युजरच्या नावाने किती ओळी आहेत ते मोजा. एका एजंटमागे एक-दोन अपेक्षित, पंधरा दिसल्या तर हेच चाललंय.

त्यासाठी एजंटचा वेगळा रोल (डेटाबेसमधला युजर) करा आणि त्यावर चार गोष्टी बसवा:

१. 'पीजी_मॉनिटर' हा तयार रोल द्या (पोस्टग्रेस १० पासून आहे). सुपरयुजर करू नका.

२. 'कनेक्शन लिमिट ५'. चक्रात अडकलेला एजंट याहून जास्त जागा खाऊ शकणार नाही.

३. 'स्टेटमेंट_टाइमआउट' ८ सेकंद. प्रोमिथियसचा 'स्क्रेप_टाइमआउट' मूळ १० सेकंद असतो, क्वेरीची मुदत त्याच्या आतच हवी. तो वाढवला असेल तर हीही त्या हिशोबाने बदला.

४. पोस्टग्रेस १४ किंवा पुढचं असेल तर 'क्लायंट_कनेक्शन_चेक_इंटरव्हल' १० सेकंद ठेवा. मूळ किंमत ० असते, म्हणजे तपासणी बंद. हे लावलं की पलीकडचा मेला हे क्वेरी चालू असतानाच कळतं.

'टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी' ही चूक एजंटच्या लॉगमध्ये दिसली तर 'मॅक्स_कनेक्शन्स' (मूळ १००) भरलं आहे. पूर्वी यातून वाट काढायला लोक एजंटला सुपरयुजर करत, कारण ३ जागा सुपरयुजरसाठी राखीव असतात. पोस्टग्रेस १६ पासून त्याची गरज नाही: 'रिझर्व्ह्ड_कनेक्शन्स' २ करा आणि एजंटच्या रोलला 'पीजी_यूज_रिझर्व्ह्ड_कनेक्शन्स' द्या. पहिल्या बदलासाठी डेटाबेस रीस्टार्ट करावा लागतो, तेव्हा तो पुढच्या देखभालीच्या वेळेत टाका.

कुबरनेटीसवर (कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) असाल तर

मेलेल्या कंटेनरचा लॉग 'क्यूबसीटीएल लॉग्ज --प्रिव्हियस'ने मिळतो, आणि 'डिस्क्राइब पॉड'मध्ये 'लास्ट स्टेट'खाली कारण. १३७ दिसला की लगेच मेमरी वाढवणं ही सवय मोडा. कारण 'ओओएमकिल्ड' असं स्पष्ट लिहिलं असेल तरच मेमरी. नाहीतर लाइव्हनेस प्रोबने (कंटेनर जिवंत आहे का हे ठरावीक वेळाने बघणारी तपासणी) नापास केलेला आणि ३० सेकंदांच्या मुदतीत न थांबलेला कंटेनरही १३७ नेच मरतो.

आणि प्रोबची ठरलेली चूक अशी: लाइव्हनेस प्रोब '/मेट्रिक्स' या पत्त्यावर लावलेला असतो. त्या पत्त्यावर प्रत्येक हाकेला एजंट डेटाबेसवर सगळ्या क्वेरी चालवतो. प्रोबची मूळ मुदत १ सेकंद, दर १० सेकंदांनी, ३ वेळा नापास झाला की रीस्टार्ट. म्हणजे डेटाबेस थोडा मंदावला की अर्ध्या मिनिटात एजंटचा बळी जातो, वर डेटाबेसवर मोजणीचा भार वाढतो तो निराळाच. प्रोब नुसत्या '/' वर लावा, तिथे डेटाबेसला हात लागत नाही. वारंवार मेल्यावर 'क्रॅशलूपबॅकऑफ'मध्ये थांबण्याचा काळ १०, २०, ४० सेकंद असा वाढत ५ मिनिटांपर्यंत जातो. म्हणून कारण दुरुस्त केल्यावरही एजंट काही मिनिटं उठत नाही. घाई असेल तर पॉड (कंटेनर ज्यात चालतो तो कुबरनेटीसचा घटक) काढून टाका, नवा लगेच येईल.

रीस्टार्टची सेटिंग

सिस्टमडीचं मूळ वागणं असं: १० सेकंदांत ५ पेक्षा जास्त वेळा सुरू करावं लागलं की 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' म्हणून नाद सोडायचा. पण बरेच जण 'रीस्टार्टसेक=५' लिहितात. मग १० सेकंदांत दोन-तीनच फेऱ्या होतात, मर्यादा कधीच गाठली जात नाही, आणि एजंट आठवडाभर दर ५ सेकंदांनी मरत राहतो. स्टेटसमध्ये 'फेल्ड' येतच नाही, 'ऑटो-रीस्टार्ट' येतं.

पटेल असा संच: 'रीस्टार्ट=ऑल्वेज', 'रीस्टार्टसेक=३०', 'स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=६००', 'स्टार्टलिमिटबर्स्ट=५'. शेवटची दोन 'युनिट' विभागात लिहायची. 'स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक' चुकून 'सर्व्हिस' विभागात गेलं तर सिस्टमडी इशारा देऊन ते सोडून देतं, आणि तो इशारा कुणी वाचत नाही. 'ऑन-फेल्युअर'ऐवजी 'ऑल्वेज' यासाठी, की १५ सिग्नलने मेलेल्या प्रोसेसला 'ऑन-फेल्युअर' उठवत नाही. सिस्टमडी २५४ किंवा पुढचं असेल तर 'रीस्टार्टस्टेप्स' आणि 'रीस्टार्टमॅक्सडिलेसेक'ने अंतर टप्प्याटप्प्याने वाढवता येतं. बदल 'सिस्टमसीटीएल एडिट'नेच करा. पॅकेजची मूळ फाईल बदलली तर पुढच्या अपडेटमध्ये सगळं पुसलं जाईल.

अलर्ट आणि खात्री

प्रोमिथियसला एजंट सापडला का एवढंच सांगणाऱ्या एकट्या 'अप' मेट्रिकवर विसंबू नका. प्रोमिथियस मिनिटातून एकदा येत असेल तर मधल्या २० सेकंदांत मरून उठलेला एजंट त्याला दिसतच नाही. 'प्रोसेस_स्टार्ट_टाइम_सेकंड्स' वर 'चेंजेस' फंक्शन लावून तासात २ पेक्षा जास्त बदल झाले तर अलर्ट द्या. एजंट दोन भेटींच्या मध्येच मरत राहिला तर हाही आकडा अपुरा पडतो, म्हणून सोबत 'अप'ची तासाभराची सरासरी ०.९ च्या खाली गेल्याचा दुसरा नियम ठेवा.

दुरुस्ती झाली असं वाटलं की गर्दी नसताना एजंटला मुद्दाम ९ सिग्नल पाठवा आणि चार गोष्टी बघा: ३० सेकंदांनी उठला का, जर्नलमध्ये 'किल्ड' नोंदलं का, 'चेंजेस'चा आकडा १ ने वाढला का, आणि 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी'मध्ये जुन्या एजंटची ओळ १० सेकंदांत गेली का. मेमरीचं प्रकरण असेल तर एवढ्यावर थांबू नका. पूर्वी जितक्या तासांनी मरत होता त्याच्या तिप्पट वेळ मेमरीचा आलेख सपाट राहिला, आणि त्या काळात रात्रीचा बॅकअप व महिनाअखेरचे रिपोर्ट यांतलं निदान एक होऊन गेलं, की मग तिकीट बंद करा.